मावळतीनंतरचं ताट

कोल्हापूर,
दि. ११ मार्च २००१

ती. अण्णांस,
राजमतीचा सा. न. वि. वि.

पत्राला फार उशीर झाला, आधी त्याची क्षमा मागते. तुमची दोन पत्रं येऊन पडली आहेत आणि दोन्हींत एकच विचारलं आहे, की चंदगडला जाऊन आलीस का. जाऊन आले. त्यालाही पंधरा दिवस होऊन गेले. रोज कागद घेऊन बसते, मायना लिहिते आणि उठते. बारावीचे पेपर तपासायला आले आहेत हे खरं आहे, पण ते निमित्तच आहे.

माझ्या लग्नाआधी अव्वानं मला एवढंच सांगितलं होतं, की मी तिच्या पोटची नाही, उचगावात एका मुलीनं मला तिच्या ओटीत घातलं. त्यापुढचं विचारायचं धाडस ती असेपर्यंत मला झालं नाही. ती गेल्यावर तुम्ही मीनाबाईंचं नाव आणि गाव सांगितलंत, म्हणून माझ्या जन्मदात्या आईला मी शोधू तरी शकले. त्यांचा मुलगा धम्मपाल चंदगडला प्राथमिक शाळेत शिक्षक आहे. त्याला मी कार्ड टाकलं होतं. उचगावच्या जुन्या माणसांची चौकशी करायची आहे, तुमच्या आईंना भेटता येईल का, असं लिहिलं. म्हणजे अर्धंच खरं लिहिलं. त्यानं या म्हणून कळवलं.

सकाळी निघून दुपारी पोचायचं होतं, पण नेसरीच्या अलीकडे एसटीचा टायर बसला. स्टेपनीही बसलेली. ड्रायव्हर आणि कंडक्टर यांच्यात तिची तपासणी कुणी करायची होती यावरून जी जुंपली, ती दुसरी गाडी येईपर्यंत चालली. एक म्हातारा ड्रायव्हरला म्हणत होता की भांडान जोरात करा, निदान वारं तरी भरंल चाकात. पोचायला तिन्हीसांज झाली. त्या बाजूला काजू मोहरला आहे, रस्ताभर वास होता. घर लहान आहे, अंगण सारवलेलं होतं. माणसं चांगली आहेत. श्रुती नावाची नात आहे, सातवीत शिकते, चुणचुणीत आहे.

बोलणं झालं, पण जे बोलायला गेले होते ते झालं नाही. मी तुमची मुलगी, एवढंच सांगायचं होतं. मीनाबाई कशा दिसतात ते पुढच्या पत्रात लिहीन.

वहिनींना नमस्कार. लोभ आहेच, तो या पत्रानंतरही राहू द्यावा.

तुमची,
राजमती

*

निपाणी,
१६ मार्च २००१

चि. सौ. राजीस,
जिनपालअण्णाचे अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. एवढं मोठं पत्र, त्यात टायरला केवढी जागा दिलीस गं! तुझी वहिनी वाचून म्हणाली की वन्सं आईला भेटायला गेल्या होत्या का ड्रायव्हरला. मी म्हटलं, आमच्या राजीचं असंच आहे. लहानपणी चिंचा चोरून खाल्ल्या की अव्वासमोर येऊन शाळेतल्या बाईंची नवी साडी कशी आहे ते सांगत बसायची. तोंडाला चिंच लागलेली असायची आणि साडीचं वर्णन चालू असायचं.

तेव्हा आता टायर बाजूला ठेव आणि सांग. बाई तुझ्याशी कसं बोलली? तब्येत कशी आहे तिची? तुला काय खायला घातलं? तो मुलूख असा आहे की पावणं दारात दिसलं रे दिसलं की आधी तांब्या पुढं येतो. तू त्यातलं काहीच लिहिलं नाहीस. माझा जीव तिथंच अडकला आहे.

फोन मात्र करू नकोस. माझे कान पार गेले आहेत. मी फोनवर नुसता हां हां म्हणतो. परवा एका गिऱ्हाइकाला तसंच हां हां म्हणून अर्ध्या किमतीत पँटपीस देऊन बसलो. वहिनी त्यावरून अजून बोलते आहे. सुदैवानं तेही मला ऐकू येत नाही.

आदितीचा अभ्यास कसा चालला आहे? तिला म्हणावं, मामाकडं सुट्टीत आलीस तर पँटपीस फुकट.

घाबरू नकोस. जे असेल ते लिही. मी तुझा थोरला आहे, तुझ्या चिंचा मीच लपवल्या आहेत.

तुझा,
अण्णा

*

चंदगड,
२० मार्च २००१

आदरणीय मॅडम यांस,
धम्मपाल गणपती कांबळे याचा सविनय जयभीम वि. वि.

पत्र लिहायचं नाही असं आईनं बजावलं आहे. म्हणून हे घरी न लिहिता शाळेत, मधल्या सुट्टीत लिहीत आहे.

तुमचं कार्ड आल्यापासून आईनं घर डोक्यावर घेतलं होतं. नावावरून तुम्ही जैन हे तिनं ओळखलं. म्हणाली की कांदा, लसूण, बटाटा ह्यातलं कायबी त्या दिवशी घरात शिजायचं न्हाय. श्रुती म्हणाली की आज्जी, मग पावण्यांस्नी नुसता भात घालणार व्हय, तर तिला गप केलं. ओल्या काजूची उसळ, शेवग्याच्या शेंगा, तांदळाची भाकरी, खीर. दुपारपासून ती स्टँडच्या रस्त्याला पाच-सहा वेळा तरी जाऊन आली. गाडी आली नाही तेव्हा मला म्हणाली की तू मास्तर हायस न्हवं, जा की डेपोत इचार. मास्तराचा आणि डेपोचा काय संबंध ते तिलाच माहीत.

तुम्ही आलात. आईनं ताट आणलं. तुम्ही म्हणालात की दिवस मावळला, आता मी काही घेत नाही, पाणीसुद्धा नाही. आईनं ताट उचललं आणि आत नेलं. मला त्याचं वाईट वाटलं नाही. ज्याचा त्याचा नेम असतो. तुम्ही थोडा वेळ उचगावचं विचारलंत आणि ओळखीच्यांकडे मुक्कामाला जाते म्हणून उठलात.

दुसऱ्या दिवशी मी बाजारपेठेत त्याच ओळखीच्यांच्या दुकानात खडू आणायला गेलो. त्यांनी कौतुकानं सांगितलं की कोल्हापूरच्या कॉलेजातल्या मॅडम काल आमच्याकडे उतरल्या होत्या, रात्री आठाला आमच्यात जेवल्या, आंबोळी फार आवडली, मागून घेतली.

मॅडम, दिवस एकच होता. तो आमच्या दारात वेगळा आणि बाजारपेठेत वेगळा मावळत नाही.

मी रागानं लिहीत नाही. आमच्या वडिलांच्या वेळी असं सरळ तोंडावर सांगायचे, त्यामुळे पुढचं ठरवायला सोपं जायचं. तुम्ही शिकलेल्या आहात, शिकवता, म्हणून विचारतो. उचगावची चौकशी पाच मिनिटांत झाली. एवढ्यासाठी कुणी इतक्या लांब येत नाही. तुमचं खरं काम काय होतं? आईला मी बाजारपेठेतलं सांगितलेलं नाही. ते मला होणार नाही.

कमी-जास्त लिहिलं गेलं असल्यास माफी असावी, पण लिहिलेलं मागे घेत नाही.

आपला,
धम्मपाल कांबळे

*

कोल्हापूर,
दि. २५ मार्च २००१

ती. अण्णांस,
राजमतीचा सा. न. वि. वि.

सोबत धम्मपालच्या पत्राची नक्कल पाठवते. ती वाचा आणि मग हे वाचा. मला माझ्या शब्दांत सांगायला जमत नव्हतं, त्याच्या शब्दांत ते नीट आलं आहे. त्यातलं एक अक्षरही खोटं नाही.

तुम्ही मला नाव सांगितलंत, गाव सांगितलंत, जात सांगितली नाहीत. मीही विचारली नाही. विचारली नाही म्हणजे मला फरक पडत नव्हता असं मी स्वतःला सांगत होते. आता वाटतं, मी एक जात मनात धरूनच चालले होते, म्हणून विचारायची गरज पडली नाही. दारातून आत गेले तर समोरच्या भिंतीवर बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर, तिला ताजा हार. ती मी पाहिली आणि मीनाबाई ताट घेऊन बाहेर आल्या. मध्ये फार वेळ गेला नाही. मला सावरायला वेळ मिळाला असता तर बरं झालं असतं असं आधी वाटायचं. आता वाटतं, मग मी सावरून, छान दिसेल असं काहीतरी केलं असतं आणि आत काय आहे ते मला कधीच कळलं नसतं.

दिवस मावळल्यावर न जेवण्याचा नेम मी फक्त चातुर्मासात पाळते, आणि तोही अव्वाच्या आठवणीसाठी. हा फाल्गुन होता. गेल्या महिन्यात स्टाफच्या निरोप समारंभात मी रात्री दहाला आइस्क्रीम खाल्लं आहे. ते वाक्य मी ठरवून बोलले नाही. तोंड आधी बोललं, मला मागून ऐकू आलं. ठरवून खोटं बोलले असते तर निदान खोटं बोलले एवढंच म्हणता आलं असतं.

मीनाबाईंनी एकदा म्हटलं की कांदा-लसूण घातलेला न्हाय, बघा. मी मान हलवून हसले. तसं हसायला मी कुठे शिकले, अण्णा? मग त्यांनी ताट दोन्ही हातांनी उचललं आणि आत नेलं. ते ताट आत जाताना मी भूगोलाची शिक्षिका असल्यासारखी उचगावच्या जुन्या वाटा विचारत राहिले. त्यानंतर मी तुमची मुलगी हे कुठल्या तोंडानं सांगणार होते?

बाजारपेठेत ह्यांच्या मित्राचे मेहुणे आहेत, त्यांच्याकडे उतरले. भूक लागली होती. जेवताना मला काहीही वाटलं नाही, हे मी डायरीत लिहिलं आणि खोडलं, म्हणून इथे लिहिते. आंबोळी मी खरंच मागून घेतली.

वर्गात कुठल्याही मुलीला आडनाव बघून मी वेगळं वागवलं नाही, असं मी वीस वर्षं सांगत आले. तेही खोटं नाही. पण त्यांच्यापैकी कुणाच्या घरी मी कधी जेवायला बसले नव्हते. कुणी बोलावलं की काहीतरी काम असायचं. ती कामं आता एकेक आठवतात.

आणि ज्या हातचं नको म्हटलं, त्याच हातांनी मला पहिल्यांदा पाजलं असणार. माझं बाटणार तरी काय होतं?

मला बरं वाटेल असं काही लिहू नका.

राजमती

*

निपाणी,
३० मार्च २००१

चि. राजीस,
आशीर्वाद.

पत्र दुकानात उघडलं आणि घरी येऊन पुरं केलं. वहिनीला वाचायला दिलं नाही. ती विचारत होती की टायरचं पुढं काय झालं.

जात मला माहीत होती. मी दहा वर्षांचा होतो, अव्वाबरोबर उचगावात गेलो होतो. धोंडुबाई सुईणीच्या झोपडीत मीना होती. सोळा-सतरा वर्षांची पोर. आई-बापाबरोबर गुऱ्हाळावर कामाला आलेली, लग्न करतो म्हणणारा माणूस निघून गेलेला. अव्वाच्या दोन मुली जन्मतःच गेल्या होत्या, ते धोंडुबाईला माहीत होतं. तिनंच दोन्हीकडं बोलून जुळवलं. मीनानं तुला पाजलं आणि अव्वाच्या ओटीत ठेवलं. रडली नाही, पण अव्वाच्या पदराचं टोक तिनं मुठीत धरलं होतं, ते धोंडुबाईनं सोडवलं.

उन्हाळा होता. मला तहान लागली होती. मी पाणी मागितलं तर अव्वानं मला असा चिमटा काढला की डोळ्यांत पाणी आलं. घरी पोचेपर्यंत मी तसाच होतो. तुला मांडीवर घेऊन एका हातानं तुझे पाय कुरवाळत होती, राजी, आणि दुसऱ्या हातानं मला चिमटा. घरी आल्यावर अज्जाला तिनं सांगितलं की सदलग्याकडच्या आपल्यातल्याच गरिबाची पोर आहे. त्यानंतर तिनं तुला जीव लावला तो तू पाहिला आहेस. ह्या दोन्ही गोष्टी एकाच बाईच्या आहेत. मी चाळीस वर्षं त्या एका ठिकाणी बसवायला बघतो आहे, बसत नाहीत.

तेव्हा जे झालं ते तू आमच्या घरात शिकलीस. तुझं ते नव्हतंच, आमचं आहे. शरम वाटायची तर मला वाटू दे. मी तुला जात सांगितली नाही, कारण सांगितली तर तू जाणार नाहीस अशी मला भीती होती. पुढं काय लिहायचं ते तूच ओळख.

माझं मत विचारशील तर मास्तरला माफीचं चार ओळींचं पत्र टाक आणि थांब. म्हातारीचं मन आता कशाला ढवळायचं? तिनं तिचा संसार केला. पण जायचंच म्हणत असलीस तर मी बरोबर येतो.

तुझा,
अण्णा

*

कोल्हापूर,
दि. २ एप्रिल २००१

श्री. धम्मपाल यांस,
राजमती चौगुले हिचा स. न. वि. वि.

तुम्ही खरं काम काय ते विचारलंत. सत्तावन्न साली उचगावात धोंडुबाई सुईणीच्या घरी तुमच्या आईनं एक मुलगी आमच्या अव्वाच्या ओटीत घातली. ती मी. हे सांगायला मी आले होते.

तुम्ही जे लिहिलंत ते सगळं खरं आहे. माझा तसा नेम नाही. तुमच्या घरचं नको म्हटलं आणि बाजारपेठेत जेवले. भिंतीवरची तसबीर पाहून ते तोंडातून गेलं. असं आपल्यात असेल हे मला माहीत नव्हतं, असं लिहिणार होते. पण माहीत करून घ्यायची वेळ मी कधी येऊ दिली नव्हती, हे जास्त खरं आहे. मोठ्या भावाचं म्हणणं आहे की हे मी घरात शिकले. शिकले असेन. पण घरात शिकलेल्या इतर पुष्कळ गोष्टी मी सोडल्या. ही सोडली नाही, कारण ती कधी मला नडली नव्हती.

हे पत्र मीनाबाईंना पूर्ण वाचून दाखवा. मी कोण ते आणि मी काय केलं ते, दोन्ही त्यांना एकदमच कळावं. एकाशिवाय दुसरं सांगणं म्हणजे पुन्हा अर्धंच खरं होईल. त्यानंतर त्यांना मला भेटायचं नसेल तर मी समजेन.

आपली,
राजमती

*

चंदगड,
१७ एप्रिल २००१

आदरणीय,

पुढे मॅडम लिहावं की काय लिहावं ते ठरेना, म्हणून जागा मोकळी सोडली आहे. सप्रेम जयभीम.

जयंतीच्या गडबडीत उत्तर राहिलं असं लिहिणार होतो. पण खरं म्हणजे तुमचं पत्र आठ दिवस माझ्या खिशात होतं. मला चव्वेचाळीस वर्षांची बहीण आहे, हे मला शाळेत, तिसरीच्या वर्गावर असताना कळलं. मुलं पाढे म्हणत होती.

जयंतीची मिरवणूक झाली, त्या संध्याकाळी आईला पत्र वाचून दाखवलं. पहिल्या चार ओळी झाल्या तशी ती म्हणाली की थांब, मला ठावं हाय. मी विचारलं कधीपासून, तर म्हणाली की कार्डावर उचगाव आलं तवाच. उचगावचं इचारत माझ्याकडं दुसरं कोण येणार हाय? आईनं ठरवलं होतं की आधी जेवू घालायचं आणि ताट उचलल्यावर, हात धुऊन झाल्यावर, बोलायचं. उपाशी माणसाशी असलं बोलू नये म्हणाली. मग ताट तसंच उचलावं लागलं आणि बोलणंही राहिलं.

आता जे लिहितो ते नीट वाचा. पत्राचा पुढचा भाग मी तिला वाचून दाखवला नाही. कारण मी पान उलटायच्या आतच ती बोलायला लागली. ती म्हणाली ते तिच्याच शब्दांत लिहितो:

पोरगी नेमाची निघाली बघ धम्मा. एवढ्या लांबनं उपाशी आली, समोर ताट हाय, पर दिवस मावळला म्हणून पान्याचा थेंब घेतला न्हाय. म्हंजे त्या माऊलीनं तिला आपली म्हनूनच वाढवली. आपला धर्म दिला, नेम दिला. दुसऱ्याची म्हनून वाढवली असती तर कुणी एवढं शिकवलं असतं व्हय? मला लई घोर हुता की पोर तितं भांडी घासत असंल. आता माझा घोर मिटला.

शेजारच्या बायडाबाईला तर तिनं फेब्रुवारीतच सांगून टाकलं होतं. कोण आली होती ते नाही, पण कोल्हापूरची एक बाई कशी नेमाची होती ते. बायडाबाईनं विचारलं की मग नेमाच्या बाईला दिवसाउजेडी यायला काय झालं होतं, तर आई म्हणाली की एसटीला नेम नसतोय.

हे ऐकून माझ्यानं पान उलटवलं नाही. मी म्हणालो की पुढं नुसता नमस्कार आहे. पोरांना शिकवताना मी कधी ओळ गाळत नाही, इथं पानच गाळलं. मी हे तुमच्यासाठी केलेलं नाही. मी तुम्हाला माफ केलं असंही समजू नका, ते अजून माझं मला कळलेलं नाही. मी तिच्या तोंडाकडे बघितलं आणि मला झालं नाही, एवढंच. आता ते पान तुमचं तुमच्याकडे, सोबत परत पाठवतो आहे. सांगायचं का ठेवायचं, तुम्ही ठरवा.

आईचा निरोप असा, की सकाळच्या पहिल्या गाडीनं ये. ऊन असतानाच वाढीन. तू नेम मोडू नको, आम्हीच त्या दिवशी लवकर जेवू. श्रुतीलाही आता दिवस मावळायच्या आत जेवायला बसवते आहे, पोरगी वैतागली आहे.

आपला,
धम्मपाल

*

कोल्हापूर,
दि. २७ एप्रिल २००१

ती. अण्णांस,
राजमतीचा सा. न. वि. वि.

धम्मपालचं पत्र येऊन आठवडा झाला. नक्कल पाठवत नाही, कारण तुम्ही ते वाचून म्हणाल की राहू दे म्हातारीचं समाधान. ह्यांनीही तेच म्हटलं. म्हणाले की सकाळी जा, उन्हात जेव, पाया पड, संध्याकाळी घरी ये, कुणाचं काय बिघडलं? बिघडत काहीच नाही.

थोडक्यात सांगते. मीनाबाईंनी मला पाहताच ओळखलं होतं, किंबहुना त्याआधीच. आणि मी ताट नाकारलं त्याचा त्यांनी अर्थ असा घेतला, की त्यांच्या मुलीला अव्वानं आपली म्हणून वाढवलं, धर्म आणि नेम दिला. इतकी वर्षं त्यांच्या मनाला काळजी होती, ती मिटली. माझ्या आयुष्यातल्या सगळ्यात हलक्या कामाचा त्यांना अभिमान वाटतो आहे. त्या शेजारणीला सांगतात. नातीला माझ्यासारखं वागायला लावतात. अण्णा, शिव्या दिल्या असत्या तर मी ऐकून घेतल्या असत्या.

आठवडाभर दोन्ही बाजू मांडून पाहिल्या. नाही सांगितलं तर त्यांचा घोर मिटलेला राहतो. पण मग मी त्या घरी जन्मभर दिवसाउजेडी जाणार, त्या माझ्यासाठी सगळ्या घराला लवकर जेवायला बसवणार, आणि धम्मपाल माझ्यासमोर खाली मान घालून जेवणार. त्याला सगळं माहीत आहे. त्याच्या आईला फसवायच्या कामात मी त्याला सामील करून घेतलेलं असेल. सांगितलं तर त्यांचं समाधान जाईल. पण ते समाधान माझ्या खोट्यावर उभं आहे, आणि जे खरं आहे, की अव्वानं मला खरोखरच आपली म्हणून वाढवलं, ते सांगायला मला खोट्याची गरज नाही. तो त्यांचा खरा प्रश्न आहे. त्याचं उत्तर द्यायला तर मी समोर पाहिजे.

सांगून मला हलकं वाटेल, म्हणून तर मी सांगायला निघाले नाही ना, हेही स्वतःला विचारलं. थोडं तसंही असेल. ते वेगळं काढता आलं नाही, म्हणून तसंच घेऊन जाते आहे.

आदितीला परवा सगळं सांगितलं. जात, ताट, आंबोळी, काही वगळलं नाही. वाटलं, ती माझ्याकडे बघणार नाही. तिनं विचारलं की आजी दिसायला कशी आहे, माझ्यासारखी आहे का. जे खरं होतं ते सांगितलं. मी त्यांच्या तोंडाकडे पाहिलंच नव्हतं. ताटाकडे पाहत होते, भिंतीकडे पाहत होते. तुम्हाला लिहिलं होतं ना, कशा दिसतात ते पुढच्या पत्रात लिहीन म्हणून? ते असं राहिलं होतं. आदिती म्हणाली की आई, मग तू भेटलीसच कुठं.

तुम्ही बरोबर येतो म्हणालात, त्यानं मला धीर आला. पण या वेळी नको. तुम्ही शेजारी असलात की मी तुमच्या आडोशाला उभी राहीन आणि तुम्ही तो दोष पुन्हा स्वतःवर घ्याल. आधी मला जाऊन येऊ द्या.

मीनाबाईंनी सकाळच्या पहिल्या गाडीनं बोलावलं आहे. धम्मपालला मी कळवलं आहे, की मी उशिरा पोचेन आणि माझ्यासाठी कुणीही जेवायचं थांबू नये किंवा लवकर जेवू नये. कारण लिहिलं नाही, पण तो समजेल. दिवस मावळल्यावर मी त्या दारात जाईन. आधी पान वाचून दाखवीन, मग जेवायला मागेन. त्या वेळी घरात जे असेल ते, कांदा-लसणाचं असेल तर तसं. त्यांनी वाढलं नाही, तर तेही त्यांच्या हातात आहे. मागच्या खेपेला नाही म्हणायचा हक्क मी एकटीनंच वापरला होता.

वहिनींना सगळं सांगा. त्यांच्यापासून लपवायचं काही राहिलेलं नाही. तुमचा हात डोक्यावर असू द्या.

तुमची,
राजमती

ता. क. उद्याचं काम: सकाळची गाडी सोडून दुपारच्या चंदगड गाडीत बसणे.